कोळशाच्या डोंगरातले लोक गरीब का राहिले? ॲपलेशियाचा हिशोब

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या पार दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका समजा. १९५० च्या जनगणनेत तिथे जवळपास ९९ हजार लोक होते आणि २०२० मध्ये उरले १९ हजार. मधल्या ७० वर्षांत तिथे ना युद्ध झालं ना धरणात गावं गेली. तिथला पोकाहॉन्टस कोळसा तर एवढा नावाजलेला की त्यावर अमेरिकन नौदलाची जहाजं चालली, पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, लांबलांबची शहरं उभी राहिली. मग एवढी संपत्ती ज्यांच्या पायाखाली होती ते लोक देशातल्या सगळ्यात गरीब लोकांमध्ये कसे काय मोजले जातात?

याचं एक तयार उत्तर अमेरिकेत शंभरेक वर्षं चालत आलंय, की हे डोंगरातले लोकच तसे, अडाणी, आळशी, भांडखोर, त्यांना सुधारायचंच नाही. मला हे उत्तर खोटं वाटतं आणि त्याचा रागही येतो, कारण या माणसांनी जेवढे कष्ट उपसले आणि हक्कासाठी जेवढा मार खाल्ला तेवढा त्या देशात फार थोड्यांनी खाल्ला असेल. खरं उत्तर जमिनीच्या कागदांत, पगाराच्या हिशोबात आणि टॅक्समध्ये आहे, आणि ते जरा किचकट आहे म्हणून सावकाश बघू.

ॲपलेशिया म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची लांबलचक डोंगररांग. कोळशाचा पट्टा वर पेनसिल्व्हेनियापासून खाली अलाबामापर्यंत जातो, पण इथे मुख्यतः मधल्या भागाबद्दल बोलू, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचा दक्षिण भाग, पूर्व केंटकी आणि व्हर्जिनियाचा नैऋत्य कोपरा. आधी ही चेरोकी, शॉनी अशा मूळ लोकांची भूमी, त्यांना हुसकावून अठराव्या शतकाच्या शेवटाकडे स्कॉटिश-आयरिश, जर्मन, इंग्रज शेतकरी इथे आले. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या दरीत घर, उतारावर मका, रानात मोकळी सोडलेली डुकरं जी चेस्टनटची फळं खाऊन पोसायची, आणि रोख पैसा लागला तर रानातलं जिनसेंग नावाचं औषधी मूळ खणून विकायचं, जे थेट चीनपर्यंत जायचं. श्रीमंती नव्हती, पण पोटासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळही सहसा यायची नाही. रान वहिवाटीने सगळ्यांचं होतं, कोणी कुंपण घातलेलं नव्हतं.

मग १८८० च्या आगेमागे घोड्यावरून एजंट येऊ लागले.

हे एजंट बऱ्याचदा जमीन विकत मागायचे नाहीत, जमिनीखालचं विकत मागायचे. तिकडच्या कायद्यात जमिनीचा वरचा भाग एकाचा आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं, जसं काही एकाच गटनंबरचे दोन सातबारे, एक वरच्या मातीचा आणि एक खालच्या दगडाचा, दोन्हींवर वेगवेगळी नावं. शेतकऱ्याला सांगायचे, तुझं घर तुझंच, शेत तुझंच, खाली काहीतरी आहे ते आम्हाला दे, एकरी पन्नास सेंट घे, एक डॉलर घे, फार तर थोडे जास्त घे. डोंगरात रोख डॉलर बघायला मिळायची मारामार, आणि घर तर सुटत नव्हतंच, त्यामुळे अनेकांनी सही केली, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी फुली मारली. पूर्व केंटकीत जॉन मेयो नावाचा एक माजी शाळामास्तर अशा खरेद्या करत करत राज्यातला बडा श्रीमंत झाला.

या करारांना ब्रॉड फॉर्म डीड म्हणतात, आणि मला विचाराल तर पुढची सगळी दुःखं या एका कागदातून निघालीत. त्यात लिहिलेलं असायचं की खनिज काढायला जे जे लागेल ते ते करायचा हक्क खरेदीदाराला आहे, रस्ते काढणं, झाडं तोडणं, पाणी वापरणं, दगडमाती टाकणं, आणि हे करताना वरच्या जमिनीचं नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी नाही. वरच्या जमिनीचा टॅक्स मात्र शेतकऱ्यानेच भरत राहायचा. सही करणाऱ्याच्या डोळ्यासमोर खाण म्हणजे डोंगराच्या कुशीत पाडलेलं एक भोक एवढंच होतं, कारण तेव्हा दुसरी पद्धतच नव्हती. साठ-सत्तर वर्षांनी बुलडोझर आले, डोंगर वरून खरवडून कोळसा काढायला लागले, आणि केंटकीच्या कोर्टाने १९५६ मध्ये आणि परत १९६८ मध्ये सांगितलं की आजोबांनी सही केलेल्या कागदात हेही बसतं, नातवाची परवानगी लागत नाही. १९६५ मध्ये नॉट काउंटीत ऑली कोम्ब्स नावाची विधवा बाई आपल्या घरावरच्या उतारावर बुलडोझरपुढे जाऊन बसली, पोलिसांनी तिला अक्षरशः उचलून नेलं, तो फोटो देशभर छापून आला आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण तिने तुरुंगात जेवलं. कायदा नीट बदलायला त्यानंतरही २३ वर्षं गेली. १९८८ मध्ये केंटकीच्या मतदारांनी ८० टक्क्यांहून जास्त मतांनी राज्यघटनाच दुरुस्त केली, की करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर करार झाला त्या काळी त्या भागात जी पद्धत माहीत होती त्याच पद्धतीने कोळसा काढता येईल. ८० टक्के म्हणजे विचार करा, एरवी कुठल्या मुद्द्यावर एवढे लोक एकत्र येतात?

(आपल्याकडे चित्र वेगळं आहे, १९७१ ते १९७३ मध्ये कोळसा खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, त्यामुळे चंद्रपूर-वणीकडे शेतकऱ्याचं भांडण सरकारी कंपनीशी असतं, मोबदला आणि नोकरीवरून. तिकडे समोर खाजगी मालक, तोही बहुतेक वेळा फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क किंवा लंडनला बसलेला.)

कागद झाले तरी कोळसा डोंगरातून बाहेर काढायला रेल्वे हवी. १८७३ मध्ये एक लाईन वेस्ट व्हर्जिनिया पार करून ओहायो नदीपर्यंत पोचली, १८८३ मध्ये दुसरी पोकाहॉन्टसच्या कोळशापर्यंत आली आणि मग लोंढा सुरू झाला. कामाला माणसं पुरेनात म्हणून दक्षिणेकडून काळे मजूर आणले, जहाजातून उतरलेले इटालियन, हंगेरियन, पोलिश आणले. कंपन्या मुद्दाम तिन्ही प्रकारची माणसं, डोंगरातले गोरे, काळे आणि परदेशी, मिसळून ठेवायच्या, हेतू हा की भाषा आणि रंग वेगळे असले म्हणजे एकजूट होणार नाही.

दरीत गाव नव्हतंच, त्यामुळे कंपनीनेच गाव बांधलं. याला कोल कॅम्प म्हणायचे. एकसारखी लाकडी घरं, कंपनीचं दुकान, कंपनीचा डॉक्टर, चर्च बांधलेलं कंपनीने, शाळेच्या मास्तरचा पगारही बऱ्याच ठिकाणी कंपनीच भागवायची आणि पोलीस म्हणून फिरणारे गार्डही कंपनीचेच. १९२० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात दर पाच खाणकामगारांपैकी जवळपास चार जण कंपनीच्या घरात राहत होते. घर नोकरीला बांधलेलं होतं, भाडेकरूचे जे हक्क असतात ते यांना लागू नव्हते, म्हणजे नोकरी गेली, संपावर गेलात किंवा खाणीत मेलात तर बायकापोरांनी घर सोडायचं.

आणि पगार! यातली गोम समजून घेण्यासारखी आहे. खाणकामगाराला तासाचे पैसे नव्हते, टनाचे होते. कोळशाच्या थरात आडवं पडून, कधी कधी तीन-साडेतीन फूट उंचीच्या जागेत, टिकावाने खालून खाच पाडायची, वर हाताने भोक पाडून सुरुंगाची दारू ठासायची, उडवायचं, मग फावड्याने डबा भरायचा आणि डब्यावर आपला नंबर असलेला पितळी बिल्ला लावायचा. छताला लाकडाचे टेकू द्यायचे, रूळ टाकायचे, पडलेला दगड बाजूला करायचा, पाणी उपसायचं, या कामाला त्यांच्यात डेड वर्क म्हणायचे आणि त्याचा एक पैसाही मिळत नसे. परिणाम काय होणार तुम्हीच सांगा. टेकू लावण्यात तास घालवला तर जीव वाचतो पण त्या दिवसाची कमाई बुडते. छत कोसळून मेलेल्यांची संख्या मोठ्या स्फोटांत मेलेल्यांपेक्षा एकंदरीत कितीतरी जास्त आहे, एक इथे, दोन तिथे असे मेले म्हणून पेपरात आले नाहीत, आणि मालक म्हणायचे कामगाराचाच निष्काळजीपणा.

त्यात वजन करणारा माणूस कंपनीचा. डब्याचं वजन कमी दाखवणं, दगड मिसळलाय म्हणून वजन कापणं, डब्याला वरून फळ्या ठोकून तो मोठा करणं पण हिशोबात जुनंच माप धरणं, हे इतकं चालायचं की वजनाजवळ आमचा माणूस उभा करू द्या ही संपांमधली कायमची मागणी असायची. उरलेल्या पगारातून घरभाडं, डॉक्टरचे पैसे, दिव्याचं तेल, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावायचे पैसे कापायचे, हो, सुरुंगाची दारूही कामगारानेच विकत घ्यायची. पगाराआधी उचल हवी असेल तर ती कंपनीच्या टोकनांत मिळायची, स्क्रिप म्हणायचे त्याला, आणि ते चालायचं फक्त कंपनीच्या दुकानात. सगळीच दुकानं लुटारू नव्हती, काही ठिकाणी माल चांगला आणि उधारीही मिळायची, म्हाताऱ्या लोकांनी त्या दिवसांच्या चांगल्या आठवणीही सांगितल्यात. पण पगार वाढला की दुकानातले भाव वाढवून तो परत घेता येतो ही सोय मालकाच्या हातात होती, आणि दुसरं दुकान डोंगरापलीकडे.

१९०७ च्या ६ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियात मोनोन्गा इथे स्फोट झाला, सरकारी आकडा ३६२ मृत्यू, त्यात इटालियन खूप, इटलीच्या मोलिझे भागातल्या गावांमध्ये अजून त्याची आठवण काढतात. अमेरिकेतला तो सगळ्यात मोठा खाण अपघात. १९१० मध्ये सरकारने खाणींच्या सुरक्षिततेसाठी ब्युरो ऑफ माइन्स नावाचं खातं काढलं खरं, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं त्याला खाणीत शिरून तपासणी करायचा अधिकारच नव्हता.

युनियनची गोष्ट इथून पुढे. युनायटेड माइन वर्कर्स १८९० मध्ये स्थापन झाली होती, पण दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात तिला शिरू द्यायचं नाही यावर मालक ठाम होते. कामाला लागताना लिहून घ्यायचे की मी युनियनमध्ये जाणार नाही, आणि १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने या करारांना उचलूनही धरलं. तरी १९१२-१३ मध्ये पेंट क्रीक आणि कॅबिन क्रीकला मोठा संप झाला, घरातून काढलेली कुटुंबं हिवाळ्यात तंबूत राहिली आणि एका रात्री चिलखती रेल्वेगाडीतून त्या तंबूंवर मशीनगन चालवली गेली. मदर जोन्स नावाची पांढऱ्या केसांची म्हातारी गावोगाव फिरून भाषणं करायची, तिला लष्करी कोर्टापुढे उभं केलं.

१९ मे १९२० ला मेटवान गावात बाल्डविन-फेल्ट्स या खाजगी डिटेक्टिव्ह कंपनीची माणसं कामगारांना घराबाहेर काढायला आली, गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला, गोळीबारात दहा माणसं मेली, त्यात सात डिटेक्टिव्ह आणि गावचा मेयर. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला हॅटफिल्ड निःशस्त्र, बायकोसोबत, मॅकडॉवेल काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत असताना त्याच डिटेक्टिव्ह कंपनीच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. शिक्षा कोणालाच झाली नाही. यावर डोंगर पेटला. सुमारे दहा हजार खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून, बंदुका घेऊन चालत निघाले, काळे, गोरे, इटालियन सगळे एकत्र, आणि ब्लेअर माउंटन नावाच्या डोंगरावर लोगान काउंटीच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, फौजेशी त्यांची कित्येक दिवस लढाई झाली. त्या शेरीफला कोळसा कंपन्यांकडून पैसे मिळत होते, आणि त्याच्या बाजूने भाड्याच्या विमानांतून बॉम्ब टाकले गेले, अमेरिकेत, अमेरिकन कामगारांवर! शेवटी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी सैन्य पाठवलं. कामगारांमधले कितीतरी जण पहिल्या महायुद्धात लढून आलेले, त्यांनी आपल्याच सैन्यावर गोळी झाडायला नकार दिला आणि ते घरी गेले. नंतर त्यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरले, आणि तिथली युनियन जवळजवळ संपली. कंपनीने ज्यांना एकत्र येऊ नये म्हणून मिसळलं होतं तीच माणसं खांद्याला खांदा लावून चढली, मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि तिथल्या शाळांच्या पुस्तकांत कित्येक दशकं याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

१९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने संघटना करायचा हक्क कायद्यात आणला आणि काही महिन्यांत जवळजवळ सगळं कोळसाक्षेत्र युनियनमध्ये आलं. जॉन लुईस हे युनियनचे अध्यक्ष, जाड भुवयांचे, आवाजाने सभा गाजवणारे. १९४६ मध्ये त्यांनी असा करार मिळवला की कंपन्यांनी प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या आरोग्य आणि पेन्शन फंडात टाकायची. त्या पैशातून १९५६ पर्यंत या डोंगरात दहा मोठी हॉस्पिटलं उभी राहिली, पाठीचे मणके मोडून वर्षानुवर्षं अंथरुणावर पडलेल्या लोकांना बाहेर काढून उपचार दिले गेले. हे खरोखर मोठं काम होतं.

पण याच व्यवस्थेत एक मेख होती. फंड टनावर चालायचा, माणसांवर नाही. तेव्हा रेल्वे डिझेलवर जात होती, घरं तेल आणि गॅसवर तापत होती, कोळशाला गिऱ्हाईक कमी होत होतं. लुईस यांनी १९५० च्या करारात मालकांना यंत्रं आणायची मोकळीक दिली, त्यांचं म्हणणं असं की थोडीच माणसं राहू देत पण त्यांना चांगला पगार, चांगलं हॉस्पिटल मिळू दे. थर कुरतडून कोळसा थेट पट्ट्यावर टाकणारी यंत्रं आली आणि वेस्ट व्हर्जिनियातले खाणकामगार १९५० च्या आसपासच्या सव्वा लाखावरून दहा-बारा वर्षांत पन्नास हजारांच्या खाली आले. कोळसा निघतच होता. पहिला फटका काळ्या कामगारांना बसला, कारण हाताने डबे भरायच्या कामावर ते जास्त होते आणि यंत्रावर त्यांना बसवलं जात नव्हतं. १९४० ते १९७० मध्ये तीस लाखांहून जास्त लोक ॲपलेशिया सोडून डेट्रॉइट, सिनसिनाटी, ॲक्रन, शिकागोला गेले. कोकणातल्या चाकरमान्यांसारखे तेही सणाला आणि मयताला गाड्या भरभरून गावी यायचे. फंड आटला तशी १९६० च्या दशकात ती दहाही हॉस्पिटलं युनियनला सोडून द्यावी लागली, आणि मे १९६१ मध्ये केनेडी सरकारने नव्याने सुरू केलेले फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना किराणा घ्यायची सरकारी कुपनं, देशात सगळ्यात आधी कुठे वाटले, तर मॅकडॉवेल काउंटीत.

"मग दुसरा धंदा का नाही काढला" हा प्रश्न इथे हमखास येतो. काढायचा कुठे? सपाट जमीन दरीत चिंचोळी, तिथे नदी, रूळ आणि रस्ता यांनी जागा संपते, आणि बाकीची जमीन कंपनीची, ती विकत नाही. १९८१ मध्ये सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांत तिथल्याच लोकांनी कोर्टाचे दफ्तर उलथेपालथे करून एक पाहणी केली, कोणाची किती जमीन आणि कोण किती टॅक्स भरतं. निघालं असं की खनिजाचे बहुतेक हक्क बाहेरच्या कंपन्यांकडे, आणि त्यावरचा प्रॉपर्टी टॅक्स नाममात्र, कितीतरी ठिकाणी एकरी काही सेंट. अमेरिकेत शाळा बऱ्याच अंशी स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात, त्यामुळे ज्या डोंगराखाली अब्जावधींचा कोळसा आहे त्याच डोंगरावरच्या शाळेला छत दुरुस्त करायला पैसे नाहीत. केंटकीने कोळसा काढण्यावर वेगळा टॅक्स लावला १९७२ मध्ये, म्हणजे कितीतरी कोळसा निघून गेल्यावर. पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्याने १९७४ मध्ये खनिजाच्या टॅक्सचा एक भाग कायमच्या फंडात टाकायचं ठरवलं आणि आज ते राज्य त्याच्या व्याजावर बराच खर्च भागवतं. हेच ॲपलेशियात ५० वर्षं आधी झालं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

आता फुफ्फुसांबद्दल. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं आत गेली की फुफ्फुसात चट्टे पडतात, कडक होत जातात, माणूस जिना चढता चढता थांबतो, मग बिछान्यावर आडवा झोपू शकत नाही, खुर्चीत बसून झोपतो. याला तिथे ब्लॅक लंग म्हणतात आणि बरं करणारं औषध नाही. कंपनीचे डॉक्टर याला खाणकामगाराचा दमा म्हणून सोडून द्यायचे. नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोटात ७८ माणसं मेली आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातले जवळपास ४० हजार कामगार संपावर गेले, युनियनच्या पुढाऱ्यांना न जुमानता, पगारवाढ न मागता, फक्त या आजाराची भरपाई मागत. राज्याचा कायदा झाला, वर्षअखेरीस देशाचा झाला, धुळीवर मर्यादा आली आणि पुढची तीस वर्षं आजार खरंच कमी होत गेला.

मग तो परत आला. जाड थर संपलेत, उरलेले पातळ आहेत, यंत्राला आत जायला जागा हवी म्हणून कोळशासोबत वरचा-खालचा दगडही कापावा लागतो, आणि दगडात सिलिका असते, जी कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी जास्त घातक. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हर्जिनियाच्या कोपऱ्यातल्या फक्त तीन क्लिनिकांत २०१३ ते २०१७ मध्ये या आजाराच्या सगळ्यात भयंकर प्रकाराचे ४१६ रुग्ण सापडले, आणि आता तिशी-चाळिशीतली माणसंही यात आहेत. सिलिका मारते हे काल कळलेलं नाही, याच वेस्ट व्हर्जिनियात १९३० च्या सुमारास हॉक्स नेस्टचा बोगदा खणताना शेकडो मजूर त्यानेच मेले, बहुतेक काळे. तरी कोळसा खाणीत सिलिकाची मर्यादा निम्मी करणारा नियम यायला २०२४ उजाडलं, आणि २०२५ मध्ये तो लागू व्हायच्या तोंडावर कोर्टातून थांबवला गेला.

डोंगरांचं काय झालं ते थोडक्यात. १९७७ मध्ये वरून खणण्यावर देशाचा कायदा आला, पण त्यात डोंगराचा माथा काढून टाकायला वाट ठेवली. आधी जंगल साफ करायचं, मग सुरुंग लावून शेकडो फूट माथा फोडायचा, प्रचंड यंत्राने कोळसा उचलायचा आणि दगडमाती शेजारच्या दरीत ढकलायची. सरकारी अंदाजानेच सुमारे २,००० मैल लांबीचे ओढे यात गाडले गेले किंवा बिघडले. या कामाला माणसं अगदी थोडी लागतात. कोळसा धुतल्यावरचा काळा गाळ साठवायला दरीत बांध घालतात, तसा एक बांध २६ फेब्रुवारी १९७२ ला बफेलो क्रीकला फुटला, १२५ माणसं मेली आणि चार हजारांहून जास्त बेघर झाली. कंपनी म्हणाली देवाची करणी. ज्यूडी बॉन्ड्स ही खाणकामगाराची मुलगी, पिझ्झाच्या दुकानात काम करणारी, ती या माथे उडवण्याविरुद्ध उभी राहिली आणि २००३ मध्ये तिला पर्यावरणाच्या कामासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, पण गावात तिला शिव्या आणि धमक्या मिळाल्या, कारण शेजाऱ्याचं घर त्याच खाणीवर चालत होतं. मी त्या शेजाऱ्यालाही दोष देऊ शकत नाही. ज्या दरीत चांगल्या पगाराची एकच नोकरी आहे तिथे त्या नोकरीविरुद्ध बोलणारा शत्रूच वाटणार. आणि नुसता पैशाचा प्रश्न नाही, बाप, आजोबा, मामा सगळे खाणीत, आपल्या कामाने देश उजळतो हा अभिमान, तो खोटा नाही.

शेवटचा भाग दिवाळखोरीचा, आणि हा सगळ्यात शांतपणे होतो. २००७ मध्ये पीबॉडी या बलाढ्य कंपनीने आपल्या पूर्वेकडच्या युनियनवाल्या खाणी पॅट्रियट नावाच्या वेगळ्या कंपनीत टाकल्या, सोबत हजारो निवृत्त कामगारांचं पेन्शन आणि औषधपाण्याची जबाबदारीही तिकडे गेली. २०१२ मध्ये पॅट्रियट दिवाळखोर. दिवाळखोरी कोर्टात पहिले पैसे सावकारांना मिळतात आणि म्हातारे कामगार रांगेत मागे. पेन्शन वाचवायला शेवटी २०१९ च्या डिसेंबरमध्ये संसदेला कायदा करावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्लॅकज्वेल कंपनी बुडाली, केंटकीच्या हार्लन काउंटीतल्या कामगारांचे बँकेत जमा झालेले पगार परत काढून घेतले गेले, तर ते बायकापोरांसकट रूळांवर जाऊन बसले, "पगार नाही तर आम्ही हलणार नाही" म्हणत, आणि त्यांनीच खणलेल्या कोळशाची गाडी अडवली. युनियन तिथे नव्हती तरी दोन महिने बसले, आणि नंतर कोर्टातून थकलेला पगार मिळवला.

बुडालेल्या कंपन्यांच्या ब्लॅक लंगच्या रुग्णांचे पैसे आता केंद्र सरकारचा एक फंड देतो. तो फंड चालतो खाणीतून निघालेल्या कोळशावर टनामागे लावलेल्या टॅक्सवर, भूमिगत खाणीला जास्तीत जास्त १ डॉलर १० सेंट आणि वरून खणलेल्याला ५५ सेंट, २०२२ मध्ये हा दर कायमचा केला. म्हणजे पुन्हा टनावरच बांधलेलं सगळं, लुईस यांच्या फंडासारखं. टन घटत चाललेत, तिशीतले नवे रुग्ण वाढत चाललेत, आणि तो फंड सरकारी खजिन्याला आजच अब्जावधी डॉलर देणं लागतो.